व्यापारी इंग्रजी : नम्रतेचे व्याकरण

दलित साहित्याच्या चर्चेत भाषेचा प्रश्न निघाला की आपण बोली आणि प्रमाण मराठी या जुन्या वादाकडे वळतो. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. पवार आमच्याच जिल्ह्यातले, अकोले तालुक्यातील धामणगावचे. वस्तीची भाषा छापील पानावर कशी आली, प्रस्थापित समीक्षेला ती का झोंबली, याविषयी आपल्या नियतकालिकांनी पानेच्या पाने लिहिली आणि ते लिहिणे आवश्यकच होते. परंतु आज आपली मुले मोठ्या संख्येने ज्या वर्गात बसतात तो वर्ग साहित्याचा नाही. तो वाणिज्याचा आणि व्यवस्थापनाचा आहे. बी.कॉम., बी.बी.ए., घरचे चार पैसे असले किंवा कर्ज मिळाले तर एम.बी.ए. तेथे त्यांना 'बिझनेस कम्युनिकेशन' नावाचा विषय असतो, म्हणजे व्यापारी इंग्रजी. या विषयाच्या पाठ्यपुस्तकाची समीक्षा आपण कधी केली नाही. ते साहित्य नव्हे, असे आपण गृहीत धरले. माझ्या मते ते साहित्यच आहे. त्यात पात्रे आहेत, निवेदक आहे, त्याचे म्हणून एक जग आहे आणि त्या जगाची मूल्यव्यवस्थाही आहे. त्या जगात आपल्याला कोणती जागा दिली आहे, हे तपासावे एवढाच या लेखाचा हेतू.

मी हा विषय शिकवतो, म्हणून प्रथम माझी जागा सांगतो. माझ्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. माझ्या पिढीला इंग्रजी पाचवीत भेटली. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली. अहमदनगर जिल्ह्यातल्या (२०२४ पासून अहिल्यानगर) एका महाविद्यालयात मी आज नोकरीस आहे. त्यापूर्वी तासिका तत्त्वावर होतो. ज्यांनी ही वेठ केली आहे त्यांना तिचा अर्थ वेगळा सांगायला नको. २०१७ ते २०२० या काळात आठवड्याचे पाच दिवस नगरला तास घेत असे आणि शनिवारी पहाटे एस.टी.ने पुण्याला जाऊन एका व्यवस्थापन संस्थेत परदेशी विद्यार्थ्यांना हीच व्यापारी इंग्रजी शिकवत असे. पुण्यात परदेशी विद्यार्थ्यांची ये-जा जुनी आहे. माझ्या वर्गात सुदान, येमेन, अफगाणिस्तान आणि टांझानिया या देशांतली मुले होती. शुक्रवारी जो धडा शेवगाव-पाथर्डीच्या मुलांना शिकवला तोच शनिवारी खार्टूम आणि काबूलच्या मुलांना शिकवायचा, हा योग तीन वर्षे चालला. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि तो संपला. पण मला या पाठ्यपुस्तकाकडे वाचक म्हणून पाहायला लावले ते याच तीन वर्षांनी.

पुस्तकाचे जग असे : चौकशीचे पत्र, दरपत्रक, मागणीपत्र, तक्रारीचे पत्र, तक्रारीच्या निवारणाचे पत्र, वसुलीचे पत्र, विक्रीचे पत्र आणि अखेरीस नोकरीचा अर्ज. कोणतेही प्रकाशन घ्या, अनुक्रमणिकेत फारसा फरक नाही. या जगात माल हरवतो, उशिरा येतो, फुटतो. माणूस कधी फुटत नाही. खुर्च्या कमी आल्याची तक्रार आहे, मजुरी कमी आल्याची नाही. पाठवणारा कोण आणि घेणारा कोण, तर एक कंपनी आणि दुसरी कंपनी. दोघेही बरोबरीचे, आणि पटले नाही तर व्यवहार मोडू शकणारे. या बरोबरीच्या दोघांनी एकमेकांशी कसे बोलावे याचे सात नियम पुस्तक सांगते. इंग्रजीत सातही शब्द 'सी' या अक्षराने सुरू होतात, म्हणून त्यांना 'सेव्हन सीज्' म्हणतात. स्पष्टता, संक्षेप, पूर्णता, अचूकता वगैरे त्यात आहेत. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. माझे भांडण सातातल्या एकाशी आहे, तो म्हणजे 'कर्टसी', सौजन्य.

एक गोष्ट सांगतो. नेहमीचा स्वाध्याय होता : पन्नास खुर्च्यांची मागणी दिली, पैसे भरले, अडतीस आल्या, विक्रेत्याला तक्रारीचे पत्र लिहा. नगरच्या एका मुलाने लिहिले, 'विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टु स्टेट'. पुढे त्याने विक्रेत्याचा मौल्यवान वेळ घेतल्याबद्दल क्षमा मागितली होती आणि शक्य झाल्यास उरलेल्या बारा खुर्च्या पाठवण्याची कृपा व्हावी अशी प्रार्थना केली होती. दुसऱ्या दिवशी पुण्यात एका सुदानी मुलाने तीन वाक्ये लिहिली. मी पन्नासचे पैसे दिले. तुम्ही अडतीस पाठवल्या. गुरुवारपर्यंत बारा पाठवा. मी दोघांनाही दहापैकी चार गुण दिले. एकाला लाचारीबद्दल, दुसऱ्याला उद्धटपणाबद्दल. परतीच्या एस.टी.त दोन्ही कागद पुन्हा काढले. तेव्हा असे दिसले की सुदानी मुलाच्या पत्रात सातापैकी सहा नियम पाळलेले होते, आणि मी त्याचे सहा गुण कापले होते ते एका सातव्या नियमासाठी. शिरूर येईपर्यंत मला स्वतःचीच लाज वाटू लागली होती.

आमचा नगरचा मुलगा भीक का मागत होता? कारण त्याने आयुष्यात पाहिलेले पत्र एकच, ते म्हणजे विनंती अर्ज. रेशनकार्डाचा, घरकुलाचा, निराधार योजनेच्या पगाराचा, शिष्यवृत्तीचा. मीही सातवी-आठवीत असल्यापासून वस्तीचे असे अर्ज लिहीत आलो. म्हाताऱ्या बाया दारात येऊन बसत, 'बाळा, तेवढा कागद कर.' 'मेहेरबान तहसीलदार साहेब यांचे सेवेशी' येथून सुरुवात आणि 'आपला कृपाभिलाषी' येथे शेवट. मधला मजकूर दोन ओळींचा, नमस्कार दहा ओळींचा. इंग्रजीतले 'आय बेग टु स्टेट' हे त्याचेच भावंड. साहेबाच्या कचेरीपुढे उभ्या राहिलेल्या अर्जदाराची भाषा दोन्ही भाषांत एकाच वेळी वाकलेली आहे. पाठ्यपुस्तक या वाक्प्रयोगाला कालबाह्य ठरवते आणि त्याऐवजी 'आय वुड लाइक टु स्टेट' लिहा म्हणून सांगते. शब्द बदलला, पण वाकायची गरज कोठून आली हा प्रश्न पुस्तकाला पडत नाही. मुलगा 'बेग' खोडतो, 'वुड लाइक' लिहितो आणि पुढची प्रार्थना तशीच ठेवतो. त्याला चुकीचा शब्द वापरल्याचे कळते. बारा खुर्च्या त्याच्या हक्काच्या आहेत हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

पुस्तकाने आणखी एक युक्ती शिकवली आहे. अप्रिय बातमी द्यायची तर कर्मणी प्रयोग वापरा. 'आम्ही तुमचा अर्ज फेटाळला' असे लिहू नका, 'तुमचा अर्ज स्वीकारला गेलेला नाही' असे लिहा. वाक्यातून कर्ता काढून टाकला की कोणाच्या भावना दुखावत नाहीत. मराठी कचेरीला हे शिकवायची गरज कधीच नव्हती. 'कळविण्यात येते', 'कार्यवाही करण्यात येईल', 'अतिक्रमण हटविण्यात आले' या वाक्यांत माणूस शोधून दाखवावा. हा धडा मी २०१७ च्या नोव्हेंबरात घेत होतो. त्याच महिन्यात आमच्या जिल्ह्यातल्या खर्डा प्रकरणाचा निकाल लागला. एप्रिल २०१४ मध्ये जामखेड तालुक्यातील खर्डा येथे एका शाळकरी दलित मुलाचा दिवसाढवळ्या खून झाला होता. साक्षीदार फितूर झाले, आरोपी निर्दोष सुटले. वर्गात मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, 'सर, म्हणजे मुलगा मारला गेला. मारला कुणी ते वाक्यात नसलं तरी वाक्य बरोबर?' व्याकरणाने वाक्य बरोबर होते. मी तास लवकर संपवला.

आता शेवटच्या प्रकरणाकडे, नोकरीच्या अर्जाकडे वळू. सगळे पुस्तक ज्या फळासाठी आहे ते फळ हे. येथे पुस्तकाचा निवेदक एक आश्वासन देतो : भाषा शुद्ध ठेवा, मांडणी नीट करा, पात्रता स्पष्ट लिहा, म्हणजे मुलाखतीला बोलावणे येईल. या आश्वासनाची परीक्षा झालेली आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी इंग्रजी वर्तमानपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. पात्रता सारखी, भाषा सारखी, आडनावे वेगळी : एक सवर्ण हिंदू, एक दलित, एक मुसलमान. निष्कर्ष 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त ऑक्टोबर २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. सारख्याच पात्रतेच्या दलित आडनावाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या सुमारे दोन तृतीयांश होती. मुसलमान नावाची सुमारे एक तृतीयांश. अशा संशोधनाला इंग्रजीत 'करस्पॉन्डन्स स्टडी' म्हणतात. आमच्या विषयाचे नावही 'बिझनेस करस्पॉन्डन्स'च, पण हा अभ्यास मी पाहिलेल्या एकाही पाठ्यपुस्तकात नाही. त्याच अंकात सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी नोकरी देणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मुलाखती घेऊन दाखवले की गुणवत्तेचा जप करणारे हे लोक उमेदवाराची 'फॅमिली बॅकग्राउंड' मात्र आवर्जून विचारतात. आमचे पुस्तक या प्रश्नाचे नमुना उत्तर देते : 'माझे वडील अभियंता असून आई गृहिणी आहे.' बिगाऱ्याच्या मुलाने काय सांगावे याचा नमुना पुस्तकात नाही.

आणि उच्चार. पुण्याच्या कॉल सेंटरवाल्यांनी एक शब्द रूढ केला आहे, 'एमटीआय', म्हणजे मातृभाषेचा प्रभाव. हा रोगाच्या नावासारखा वापरतात. 'तुझा एमटीआय फार आहे' असे ऐकून परतलेली मुले मी पाहिली आहेत. लंडनच्या माणसाचा एमटीआय कोणी मोजत नाही, आणि सदाशिव पेठेतल्या मुलाचा मोजला तरी तो थोडा भरतो. आमच्या मुलाच्या जिभेवर आधी वस्तीची बोली, तिच्यावर शाळेची मराठी, मग इंग्रजी. शाळेत गुरुजींनी 'व्हतं'ला हसून 'होतं' करून घेतले, आता प्रशिक्षक 'होतं'वाल्या इंग्रजीलाही हसतो. एकाच माणसाची दोनदा दुरुस्ती होते आणि दोन्ही वेळा दोष त्याच्या आईच्या भाषेचा ठरतो.

पुण्याच्या वर्गात एक टांझानियाचा विद्यार्थी होता. त्याच्या देशात प्राथमिक शिक्षण स्वाहिलीत आणि माध्यमिक इंग्रजीत, त्यामुळे आमची दोघांची वाट बरीचशी सारखी होती. तो मला सर न म्हणता 'म्वालिमू' म्हणे. स्वाहिलीत म्वालिमू म्हणजे शिक्षक, आणि ज्युलियस न्येरेरे यांना सारा देश याच नावाने ओळखे. एकदा तास संपल्यावर तो थांबला. घरमालकाने खोली सोडायला लावली होती आणि अनामत रक्कम परत देत नव्हता. खोली मिळवतानाही त्याला फार फिरावे लागले होते. आफ्रिकेतल्या मुलांना पुण्यात 'खोली भाड्याने देणे आहे' या पाटीखाली उभे राहून नकार ऐकावा लागतो. मला ही गोष्ट नवी नव्हती. त्याला चेहरा पाहून नाही म्हणत, मला आडनाव विचारून नाही म्हणत. त्याला हे सांगितले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, तुमचे निदान एक वाक्य जास्त चालते.

त्याने पुस्तकाप्रमाणे लिहिलेले पत्र घेऊन आला होता. सौजन्याचे सर्व नियम पाळलेले, 'आय वुड बी ग्रेटफुल' दोनदा. मी ते बाजूला ठेवले आणि विचारले, करार नोंदवलेला आहे का? नव्हता. परदेशी भाडेकरूची माहिती घरमालकाने तेव्हा 'फॉर्म सी' भरून द्यायची असे. तीही दिलेली नव्हती. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि तसा करार नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, उलट सिद्ध होईपर्यंत. हे त्याला समजावून सांगितले आणि मग पत्र पुन्हा लिहिले. दोन परिच्छेद. तारीख, रक्कम, कलम, मुदत. त्यात एकही उद्धट शब्द नव्हता आणि एकही विनंती नव्हती. नवव्या दिवशी पैसे मिळाले. इंग्रजी दोन्ही पत्रांची निर्दोष होती. फरक पडला तो दुसऱ्या पत्रातल्या माणसाला आपला हक्क ठाऊक असल्याने. पुस्तक ज्याला 'टोन' म्हणते तो आवाज शब्दांनी तयार होत नाही, हे मला त्या दिवशी उमगले. खुर्च्या मागणाऱ्या कंपनीला सौजन्य परवडते, कारण तिच्यामागे वकील उभा असतो.

ही गोष्ट मला नव्याने उमगली, तरी आपल्या परंपरेत ती जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेले निवेदन इंग्रजीत आहे. त्यात त्यांनी आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सदस्य अशी करून दिली आहे. बहुजनांच्या पैशाने सरकार वरच्या वर्गाचे उच्च शिक्षण चालवते, हा हिशेब त्यांनी व्यापाऱ्याच्या चोखपणाने मांडला आणि प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. त्या शिक्षणात मोडी-बाळबोध वाचन-लेखनाबरोबर जमाखर्चही असावा, असे ते सांगतात. यालाच मी आपल्याकडची पहिली व्यापारी इंग्रजी म्हणेन, आणि तिचा एक धागा आमच्या नगरपर्यंत येतो. मिस सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळा जोतीरावांनी नगरलाच पाहिली होती, आणि सावित्रीबाईंचे अध्यापनाचे प्रशिक्षणही फॅरारबाईंकडे झाले. इंग्रजी शिकण्याचा आग्रह सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'त धरलेला आहे. आमच्या जिल्ह्यातल्या इंग्रजीच्या तासाला ही बाई आठवत नाही, ड्राफ्टिंगचे सात नियम आठवतात.

बाबासाहेबांचा तर वाणिज्याच्या वर्गाशी थेट संबंध. १९१८ च्या नोव्हेंबरापासून १९२० च्या मार्चपर्यंत ते मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. तेथे शिक्षकांच्या पाण्याच्या भांड्यातून त्यांनी पाणी घेण्याला काही सहकारी प्राध्यापकांनी हरकत घेतली. कोलंबियाची पदवी आणि निर्दोष इंग्रजी त्या माठापर्यंत पोचू शकली नाही. त्याच सुमारास त्यांनी शेअर व्यवहारांचा सल्ला देणारी पेढी काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके गळाली. थोरात-अ‍ॅटवेल यांचा निष्कर्ष बाबासाहेबांनी नव्वद वर्षे आधी अंगावर झेलला होता. पुढे १९२५ ते १९२८ या काळात त्यांनी बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला, आणि १९२५ मध्येच हिंदी चलनविषयक शाही आयोगापुढे साक्ष दिली. त्यांचे इंग्रजी लेखन वाचणाऱ्याला एक गोष्ट लगेच जाणवते : वाक्यात कर्ता असतो. कोणी केले, केव्हा केले, कोणाच्या फायद्यासाठी केले, हे ते लपवत नाहीत. कर्मणी प्रयोगाचा धडा शिकवताना हे उदाहरण घ्यायला कोणत्या अभ्यासक्रमाने मनाई केली आहे?

माझे काही कार्यकर्ते मित्र म्हणतात, भांडवलदारांची भाषा कशाला शिकवता, मराठीतून लढा. केनियाचे न्गुगी वा थिओंगो यांचा ते दाखला देतात. न्गुगींनी इंग्रजी सोडून गिकुयूत कादंबऱ्या लिहिल्या. मला त्यांच्याविषयी आदर आहे. पण गिकुयू हे न्गुगींचे घर होते. प्रमाण मराठी आपल्याला घर म्हणून मिळाली का, हे आधी ठरवा. दुसऱ्या टोकाला चंद्रभान प्रसाद आहेत. त्यांनी २०१० साली उत्तर प्रदेशातल्या बनका गावात इंग्रजी देवीच्या मंदिराची पायाभरणी केली. त्यामागचा हिशेब मला मान्य आहे, मूर्ती मान्य नाही. देवीपुढे पुन्हा हात जोडावे लागतात, आणि हात जोडलेली इंग्रजी काय असते ते मी खुर्च्यांच्या पत्रात पाहिले आहे.

आज मी वर्गात काय करतो, तर पुस्तक सोडत नाही. परीक्षा त्यावरच होते आणि मुलांना गुण हवे असतात. पण खुर्च्यांचे पत्र झाले की माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला लावतो. कायदा २००५ चा. अर्ज इंग्रजीतही करता येतो, शुल्क दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालील असल्यास तेही नाही. महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि सर्वसाधारणपणे दीडशे शब्दांची मर्यादा. संक्षेपाचा याहून कडक स्वाध्याय कोणत्याही पुस्तकात नाही. 'कृपाभिलाषी'ला जागाच उरत नाही.

गेल्या वर्षी द्वितीय वर्षाच्या एका मुलीने आपल्या अडकलेल्या शिष्यवृत्तीबद्दल असा अर्ज केला. तिची आई ऊसतोडीला जाते. किती अर्ज प्रलंबित आहेत, केव्हापासून, आणि ते कोणत्या अधिकाऱ्याकडे आहेत, असे तीन प्रश्न. एकशे बारा शब्द. कायद्याने तीस दिवसांत उत्तर यायला हवे होते, ते एकेचाळिसाव्या दिवशी आले : 'सदर प्रकरणी आवश्यक ती कार्यवाही करण्यात येत आहे.' ते पत्र मी फळ्यावर उतरवून काढले आणि कर्ता शोधायला सांगितले. वर्गात हशा पिकला. ती मुलगी मात्र हसली नाही. वही उघडून ती विचारू लागली की पहिले अपील कोणाच्या नावाने करायचे, आणि त्याला दिवस किती उरले आहेत.